खंड एकोणीस, पान चारशे बारा

“मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” काका माइकपुढे छाती फुगवून म्हणाले, आणि तिथंच फसले. एकाचा नाही, अकरा हजार दोनशे चार जणांचा बसला. हा आकडा कुणी पदरचा घातलेला नाही. तो विद्यापीठाच्या संगणकात आहे, आणि संगणकाला थापा मारायला काकांनी अजून शिकवलेलं नव्हतं.

“काका, थांबा,” संगणकाआडून बटण म्हणाली. “तुमचा श्वास ऐकू येतोय.”

“येऊ दे की. त्याशिवाय पोरांना कळणार कसं, की सांगणारा जिवंत माणूस आहे?”

“आणि खुर्ची करकरतेय.”

“ती पण जिवंत आहे.”

बटण हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती विद्यापीठाचे ऑनलाइन धडे बनवायची. तिशीतली, दोन लेकरांची आई, आणि जगातली कुठलीही अडचण एक बटण जोडलं की सुटते अशी तिची ठाम श्रद्धा. म्हणून काकांनीच तिचं हे बारसं केलं होतं. दोघं ज्या खोलीत बसली होती तिथं पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत. आता आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना वसतिगृहातल्या जुन्या गाद्या टांगल्या होत्या, आणि पंखा घरघरतो म्हणून तो बंद. काका घामानं निथळत होते. पण चेहऱ्यावर असं तेज, की बघणाऱ्याला वाटावं, नवरदेव बोहल्यावर चढलाय.

चौतीस वर्षं काका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भाच्या टेबलाशी बसत आले होते. कुठली माहिती कुठं सापडेल हे सांगणं, एवढंच काम. कुणी विचारायचं, शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ज्वारी कुणी पिकवली. काका न उठता सांगायचे, तिसरं कपाट, वरचा खण, निळा कणा. पण अलीकडे टेबलाशी कुणी फिरकेना. पोरं फोनला विचारत, फोन जे सांगेल ते उतरवून काढत, आणि खाली संदर्भांची अशी यादी जोडत की वाचून काकांना भोवळ येई. त्यातल्या निम्म्या पुस्तकांना कुणी हात लावला नव्हता, आणि उरलेली निम्मी छापलीच गेली नव्हती.

तेव्हा विद्यापीठानं ठरवलं, की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहिती शोधायची आणि पारखायची कशी, हे ऑनलाइन शिकवायचं. पाच-पाच मिनिटांचे सहा धडे. शेवटी प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नाही तर परीक्षेचा अर्ज नाही. लिहायचं आणि बोलायचं काकांनी, बांधायचं बटणनं.

पहिले पाच धडे शहाण्यासारखे झाले. प्रश्न नेमका कसा करावा, शोधायला शब्द कुठले घ्यावेत, लिहिणारा कोण, त्यानं कधी लिहिलं, त्यात त्याचा काय फायदा. सहावा धडा होता, ‘मूळ स्वतः पाहा’. तिथं काकांच्यातला जुना खोडकर माणूस जागा झाला.

त्या धड्यात त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो. काही जुन्या ग्रंथालयांत वटवाघळं राहतात, पुस्तकं खाणारे किडे तीच फस्त करतात, आणि त्यांची विष्ठा पडते म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामडी आच्छादनं घालावी लागतात. आणि चौथी गोष्ट अशी, की एका खडकाळ बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदारानं सलग अकरा वर्षं समुद्राच्या लाटा मोजल्या. दोनशे बारा वह्या भरल्या. तो झोपला की त्याची बायको मोजायची. संदर्भ: दीपगृहवार्ता, खंड एकोणीस, पान चारशे बारा.

पहिल्या तिन्ही अक्षरशः खऱ्या. चौथी काकांनी सकाळी दाढी करताना रचलेली.

“आणि ती थाप आहे हे कधी सांगायचं?” बटणनं विचारलं.

“सांगायचं नाही. सांगितलं तर ती ऐकीव माहिती झाली. ज्याला खटकेल तो शोधेल. तू एक बटण दे.”

बटणचा चेहरा खुलला. तिनं प्रत्येक गोष्टीखाली एक लाल बटण दिलं. त्यावर लिहिलं, ‘मला शंका आहे’. ते दाबलं की मूळ ग्रंथ कुठल्या कपाटात आहे ते समोर यायचं. बाकी काकांनी पक्का बंदोबस्त केला होता. दीपगृहवार्ता हे मासिक खरं होतं. त्याचे तीस खंड ग्रंथालयाच्या तळघरात, एक्केचाळीस पायऱ्या उतरून, शेवटच्या रांगेत उभे होते. एकोणिसावा खंडही जागच्या जागी होता. फक्त तो तीनशे शहाण्णव पानांतच संपत होता. तीनशे शहाण्णवाव्या पानापुढं काकांनी एक चिठ्ठी ठेवली, खंड मिटला आणि टेबलाशी येऊन बसले.

आता एवढा आटापिटा कशासाठी, हे समजायला काकांच्या घरी जायला हवं.

काकांना थापा मारायची सवय लहानपणापासूनची. स्वार्थासाठी नव्हे, कुणाला बुडवण्यासाठी नव्हे. जग आहे तेवढंच ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला सांगितलं, की आपण एकदा पुराच्या नदीतून पाठीवर लोखंडी कपाट घेऊन पोहत आलो. बायको शाळेत गणित शिकवायची. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, “कपाटाचं दार कुठल्या बाजूला होतं? पाठीकडं की आभाळाकडं?” काकांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि उजव्या कानाची पाळी चोळू लागला. बायकोनं सुरी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. म्हणाली, “पकडलं!”

तेव्हापासून तीस-पस्तीस वर्षं त्या घरात हाच खेळ चालला. काका रचत जायचे, बायको एकच प्रश्न असा टाकायची, की डोलारा धाडकन खाली यायचा. कान चोळला गेला की तिला कळायचं, गोष्ट संपली. आणि काकांनाही तेव्हाच कळायचं. थाप मारणारा माणूस झाडावर चढत जातो. खालून कुणीतरी ‘उतर आता’ म्हणावं लागतं, नाहीतर तो वरच राहतो.

तीन वर्षांपूर्वी बायकोला ऐकू येईनासं झालं. यंत्र आणलं, ते कानात टोचतं म्हणून कपाटाच्या खणात गेलं. आता ती काकांच्या ओठांकडे बघायची आणि प्रेमानं मान डोलवायची. गेल्या महिन्यात काकांनी मुद्दाम सांगितलं, “आज ग्रंथालयात हत्ती आला होता. सभासद झाला. दोन पुस्तकं घेऊन गेला.”

“हो का?” बायको म्हणाली. “बरं झालं. सुटलात एकदाचे.”

काका त्या हत्तीला घेऊन कितीतरी वेळ तसेच बसून राहिले होते.

तर आता महिनाअखेरीला काका निवृत्त व्हायचे होते. चौतीस वर्षं लोकांना ‘मूळ बघा’ म्हणून सांगितलं. त्यातलं एखाद्याच्या तरी डोक्यात उतरलं का, याचा एकच पुरावा उरला होता. तळघरातली ती चिठ्ठी. ती कुणी उचलली तर चौतीस वर्षं सत्कारणी लागली. नाहीतर काकांनी जन्मभर एका टेबलाला ज्ञान दिलं.

दर सोमवारी काका एक्केचाळीस पायऱ्या उतरायचे. खंड काढायचे. चिठ्ठी जागच्या जागी. खंडावरच्या धुळीत बोटांचे ठसेसुद्धा काकांचेच, मागच्या सोमवारचे.

बटण दर सोमवारी आकडे वाचून दाखवायची. “ऑक्टोपसवर सात शंका. शुक्रावर एकोणतीस. वटवाघळांवर पाच.”

“आणि लाटांवर?”

“शून्य.”

“तुझं बटण बिघडलंय.”

“मी स्वतः दाबून बघितलंय, काका. मागच्या सोमवारीही तुम्ही हेच म्हणालात.”

“म्हणजे खरं ते पटत नाही आणि खोटं मात्र घशाखाली उतरतं?”

“तुम्ही सांगताच इतकं छान. बायको मोजायची म्हणालात ना, तिथं मलासुद्धा गहिवरून आलं. आणि मला तर ठाऊक होतं.”

पण खरं नवल पुढंच होतं. तो रखवालदार काकांच्या हातून निसटला आणि जगात हिंडू लागला. आधी तो निबंधांत शिरला. शेकडो निबंधांत ‘खंड एकोणीस, पान चारशे बारा’ असा चोख संदर्भ, स्वल्पविरामासकट. मग एका निबंधात त्याला दाढी आली. दुसऱ्यात तो एका डोळ्यानं अधू झाला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्याला व्याख्यानात घेतलं. मानसशास्त्राच्या बाईंनी त्याच्या एकटेपणावर शोधनिबंध वाचला आणि चर्चेत दोघांनी त्याला विरोध केला. तो एकटा नव्हताच, बायको होती, असं त्यांचं म्हणणं. विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकाचं नाव ठेवलं, ‘दोनशे बारा वह्या’. शेवटी एका वृद्ध गृहस्थांचं वर्तमानपत्रात पत्र आलं. त्यांच्या आजोबांनी म्हणे त्या बेटावर रखवालदाराच्या हातचा चहा प्यायला होता. चहा खारट होता. आणि चहा गाळताना रखवालदार पुटपुटत होता, चार लाख सात, चार लाख आठ.

ते पत्र वाचून काकांनी तोंडात बोट घातलं. चार लाख आठ! हे त्यांना स्वतःला सुचलं नव्हतं. त्यांनी ते कात्रण दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावलं आणि बटणला म्हणाले, “हे माझे गुरू. मी यांच्यापुढं बालवाडीत.”

त्या दिवशी काका तळघरात जाऊन नुसतेच उभे राहिले. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकं, मधे हातभर वाट, वर एक पिवळा दिवा. दाढी करताना सुचलेल्या एका वाक्यातून हाडामांसाचा माणूस उभा राहिला होता. त्याला बायको होती, दाढी होती, त्याच्या हातचा चहा लोक पीत होते. आणि हे सगळं ज्या एका पानावर उभं होतं, ते पान जगात नव्हतं. इथं येऊन बघायला एक्केचाळीस पायऱ्या. अकरा हजार माणसांत एकालाही त्या उतराव्याशा वाटल्या नव्हत्या. काकांच्या अंगावर काटा आला. भीतीनं आला की अचंब्यानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी, टेबलाशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशी उलटलेली, अंगात इस्पितळाचा पांढरा गणवेश, छातीला उलटं टांगलेलं घड्याळ. वीस वर्षं परिचारिकेची नोकरी करून तिनं आता पदवीला नाव घातलं होतं.

“तुम्हीच ना ते धड्यातले काका? आवाज ओळखला मी.”

“मीच. बोला, सिस्टर.”

“तुमची परीक्षा मला पुढं जाऊ देत नाही. चार वेळा नापास झाले. शुक्रवारी अर्जाची शेवटची तारीख आहे.”

“कुठली परीक्षा?” काका म्हणाले.

“अहो, धडे संपल्यावर येते ती. दहा प्रश्नांची. दहाच्या दहा बरोबर हवेत. माझे नऊ येतात.” तिनं फोन पुढं केला. “हा बघा. दीपगृहाच्या रखवालदारानं किती वर्षं लाटा मोजल्या? सात, अकरा, की पंधरा. मी काहीच निवडत नाही. मग ते म्हणतं, उत्तर चुकलं.”

काकांच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की टेबलावरच्या टाचण्यांची डबी वाजली म्हणतात.

“अकरा निवडा की,” ते शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले. “धड्यात अकरा सांगितलंय ना?”

“सांगितलंय. पण म्हणजे मला ठाऊक झालं का?”

“संदर्भ दिलाय खाली.”

“दिलाय. मी बघितला नाही अजून.” ती थोडी ओशाळली. “काका, राग मानू नका. मला खोड आहे. बाटलीवर लेबल असलं तरी मी बाटली उजेडात धरते. एकदा धरली नव्हती. पेशंट वाचला, पण त्यानंतर मी कधी नुसत्या लेबलवर गेले नाही. तुम्हीच म्हणता ना सहाव्या धड्यात, मूळ स्वतः पाहा? मग मी पाहिलं नसताना अकरावर बोट कसं ठेवू?”

“मग शंकेचं बटण दाबायचं!”

“माझ्या फोनवर ते दिसतच नाही. खालची पट्टी कापली जाते.” तिनं उलटं घड्याळ सुलटं करून बघितलं. “ड्यूटी आहे. काही करता आलं तर बघा.”

ती गेली. काका तिच्या पाठमोऱ्या गणवेशाकडे असे बघत राहिले, जसं एखादा भाविक मूर्तीकडे बघतो. मग एकदम उठले आणि ज्या वयात माणसं जिना कठडा धरून चढतात त्या वयात दोन-दोन पायऱ्या गाळत बटणच्या खोलीत घुसले.

“ती परीक्षा कुणी घातली?”

“मी,” बटण म्हणाली. “समितीनं सांगितलं, शेवटी परीक्षा हवी. मी तुमच्या धड्यांतून प्रश्न काढले.”

“मला न दाखवता?”

बटणनं जुनं पत्र उघडलं. आठ महिन्यांपूर्वीचं. ‘काका, परीक्षेचे प्रश्न सोबत जोडलेत, एकदा बघून घ्या.’ खाली काकांचं उत्तर: ‘छान आहेत.’

“उघडून बघितले होते ना तुम्ही?”

काका मटकन खुर्चीत बसले. अकरा हजार लोकांना ‘उघडून बघा’ सांगणाऱ्यानं स्वतः ते जोडलेले प्रश्न उघडले नव्हते. आणि त्या एका आळसापायी आठ महिने असं चाललं होतं, की थापेवर मान डोलावली तो पास, आणि जो म्हणाला ‘आधी बघू दे’, तो नापास. अशा किती जणांनी शेवटी कंटाळून अकरावर बोट ठेवलं असेल? काकांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती.

बटण हलकेच म्हणाली, “एक सुचवू? प्रश्न आणखी तीन दिवस असाच ठेवू. त्यांना पास व्हायचंय, म्हणजे त्या तळघरात जाणारच. तुमची चिठ्ठी सापडेल. तुम्हाला हेच हवं होतं ना?”

हवं होतं. आठ महिने फक्त तेवढंच हवं होतं. काका बराच वेळ भिंतीवरच्या गादीचे टाके मोजत राहिले.

“आणि नाही जमलं त्यांना? ड्यूटी लागली, अर्ज राहिला?”

बटणनं परीक्षेचं पान उघडलं.

“काढून टाक तो प्रश्न. आत्ता. आणि त्यांना कळव, की चूक आमची होती, तुम्ही पास आहात. याआधी जे कुणी तिथंच अडले त्या सगळ्यांना कळव. आणि त्यांच्या फोनवर ती पट्टी का कापली जाते तेही बघ.”

“मग आता त्यांना तळघरात जायचं कारणच उरणार नाही, काका.”

“नाही उरणार,” काका म्हणाले.

शुक्रवारी दुपारी ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात निरोपसमारंभ झाला. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळी काका शेवटच्या वेळी एक्केचाळीस पायऱ्या उतरून आले होते. चिठ्ठी जागेवरच होती. त्यांनी ती तिथंच राहू दिली. काढून घ्यायला हात धजला नाही. आता पहिल्या रांगेत बायको बसली होती, ठेवणीतली साडी नेसून, यंत्र नेहमीप्रमाणे घरी विसरून, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाकडे बघून कौतुकानं मान डोलवत होती.

कुलगुरू बोलायला उठले. त्यांनी काकांच्या निष्ठेला शोभेल असा दृष्टान्त निवडला होता. “आपणा सर्वांना तो दीपगृहाचा रखवालदार ठाऊक आहे,” ते म्हणाले, आणि चारशे माणसं ओळखीचं हसली. “त्या माणसानं अकरा वर्षं लाटा मोजल्या. आमच्या काकांनी चौतीस वर्षं वाचक मोजले.” टाळ्यांचा कडकडाट झाला. बटण मागच्या भिंतीशी उभी होती. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

काका उठले. खिशात कागद होता. त्यावर चार ओळींत कबुली लिहिली होती: असा रखवालदार कधी नव्हता, मला क्षमा करा. त्यांनी कागद काढला. समोर चारशे चेहरे, रखवालदाराच्या नुसत्या नावानं उजळलेले. तोंड उघडलं आणि कबुलीऐवजी भलतंच बाहेर पडलं.

“त्या रखवालदाराबद्दल एक गोष्ट मी धड्यात सांगितली नाही,” काका म्हणाले. “सहाव्या वर्षी एकदा त्याला शिंक आली.”

चारशे माणसं खुर्चीत पुढं सरकली.

“शिंकेत डोळे मिटतात. डोळे उघडले तर एक लाट कमी. किनाऱ्यावर पोचलेली की न पोचलेली, मोजलेली की राहिलेली, काही कळेना. त्यानं वही मिटली आणि बायकोला हाक मारली. ती म्हणाली, एका लाटेनं काय बिघडतं? तर तो म्हणाला, माझं बिघडतं. मग दोघं होडी घेऊन समुद्रात निघाली. ती लाट शोधायला.”

कुणीतरी हुंदका दिला. कुलगुरूंनी चष्मा काढून पुसला. काका चढत होते, फांदीमागून फांदी, आणि खालून कुणीही हाक मारत नव्हतं. होडी वादळात सापडली. होडी एका देवमाशानं पाठीवर घेतली. देवमाशाच्या पाठीवर त्यांनी दोन दिवस काढले आणि मोजणी तिथूनही चालू ठेवली. काकांच्या कपाळावर घाम आला. आता ही दोघं परत कशी यायची, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती मान डोलवत होती. हो का. बरं झालं.

“आणि मग त्या देवमाशानं…” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला.

तेवढ्यात दालनाचं मागचं दार उघडलं. दार जड होतं, आणि उघडणाऱ्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून तिनं ते पाठीनं ढकललं होतं. पांढरा गणवेश, उलटं घड्याळ, बाह्यांना कोपरापर्यंत धूळ. छातीशी दीपगृहवार्तेचा एकोणिसावा खंड, एखाद्या आजारी मुलाला धरावं तसा.

काकांच्या मनात क्षणभर एवढंच आलं, की संदर्भग्रंथ तळघराबाहेर न्यायला परवानगी नाही.

“काका, माफ करा,” ती धापा टाकत म्हणाली. “मी पास झाल्याचं कळलं मंगळवारीच. पण ते पान काही डोक्यातून जाईना. आज जेवणाची सुट्टी होती, म्हणून आले. मी आपली बघून गुपचूप जाणार होते. पण यात ही निघाली.” तिनं खंडातून चिठ्ठी काढली आणि वाचली. “‘इथवर आलात, तुमचे पाय धरावेत असं वाटतं. आता वर जा आणि चारचौघांत मोठ्यानं सांगा.’”

चारशे माना मागं वळल्या होत्या.

“सांगा की,” काका म्हणाले. चारशे जणांत ते फक्त तिला ऐकू गेलं असावं.

तिनं खंड एका टेबलावर ठेवला, शेवटचं पान उघडलं, आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतात तशा सरळ, स्वच्छ आवाजात ती म्हणाली, “या खंडात चारशे बारावं पान नाही. हा तीनशे शहाण्णवला संपतो. मी आधीचे आणि नंतरचे खंडही बघितले. असा रखवालदार कुठंच नाही, काका. हे खोटं आहे.”

काकांनी हातातला कागद घडी करून परत खिशात ठेवला. देवमासा, होडी, त्यातली ती दोघं नवरा-बायको, सगळी एकदम हलकी होऊन कुठं तरी निघून गेली. काकांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि कानाची पाळी चोळू लागला.

पहिल्या रांगेत डोलणारी मान थांबली. काय बोललं गेलं यातलं अक्षरही बायकोच्या कानावर पडलं नव्हतं. तिनं फक्त तो कान बघितला. मग गुडघ्यावर थाप मारून, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या त्या भल्यामोठ्या आवाजात, ती सगळ्या दालनाला म्हणाली, “पकडलं! अहो, कुणी पकडलं यांना?”